घोड्याचा तवा आला त्या सालचं

किस्सा एकटा कधी येत न्हाई. शेळीवानी हाय ते. एक दारातून आत घेतली की बाकीच्या मागनं आपसूक घुसत्यात, अन् मंग कुणाची कुठली, दुभती कोण अन् भाकड कोण, काय मेळ लागत न्हाई. परवा हाटेलात कुणीतरी म्हणलं, "नाना, ते टँकरचं सांगा." मी टँकरचं सांगाया गेलो, मधी बोकड आलं, बोकडामागं जनरेटर आला, अन् चहा गार झाला. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो. मधी चुकलं तर चुकलं.

तवा म्हंजे भाकरीचा न्हाई. रेकॉर्ड. काळी, गोल, वाजती ती. दुसऱ्या गावात लोकं गाण्याचे तवे जमवायची. आमच्या दिंद्रुडात आमी चौघं असे व्हतो की गाणं लागलं की उठून इडी ओढाया जायचो, अन् गाणं संपलं की परत येऊन बसायचो. आमाला पाहिजे व्हतं मागचं म्युझिक. घोडं पळताना वाजतंय ते. सासू जिना उतरताना वाजतंय ते.

चौघं म्हंजे एक भानुदासआप्पा, तंबूच्या टॉकीजचा ऑपरेटर. दुसरा शेषराव, सोसायटीचा गटसचिव. तिसरा चाँदभाई, मंडप अन् भोंगेवाला. चौथा मी. मी गेटवर तिकिटं फाडायचो अन् जनरेटर सांभाळायचो. शिक्षणाचं म्हणाल तर मला सही येती. दोनदा केली तर दोन तऱ्हेची येती.

अन् आप्पाची पोरगी सिंधू. तिचं लगीन शेषरावाच्या मधुकराशी ठरलं व्हतं, अन् ते ह्या मागच्या म्युझिकपायी अडकलं. तेवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं इसरलं तरी चालंल.

*

तवा यायच्या लई आधी, तंबू चालू व्हता त्या साली पाऊस आलाच न्हाई. लोकं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची अन् सांजच्याला तंबूत येऊन बसायची. आमी घोड्याचा पिक्चर लावलता. खरं नाव मोठं व्हतं, मला कधी पाठ झालं न्हाई. पोस्टरवर घोडं व्हतं, म्हणून घोड्याचा.

पिक्चरचे डबे ट्रकवर यायचे. गेवराईला ट्रक थांबला अन् कुणीतरी एक डबा तुपाचा समजून उतरून घेतला. तेच्यात शेवटचं रीळ व्हतं. तो डबा काय परत आला न्हाई. कुणाच्या घरी फोडणी बसली असंल ते देवाला ठावं.

मंग आमचा पिक्चर कसा संपायचा? हिरोला गोळी लागायची. तो घोड्यावरून नदीच्या वाळूत पडायचा. हात जरा हालायचा. अन् पांढरा पडदा.

पहिल्या दिवशी लोकं तशीच बसून. एक म्हातारी म्हणली, "मेलं का गं ते?"

दुसरी म्हणली, "झोपलं असंल. दिसभर घोड्यावर व्हतं."

आता लोकं उठंनात, तर मी माईकवर सांगितलं, "बाकीचं उद्या." दुसऱ्या दिवशी तंबू फुल्ल. परत पांढरा पडदा, परत मी म्हणलं, "बाकीचं उद्या." तिसऱ्या दिवशी एका गड्यानं माझी गचांडी धरली.

"उद्या कधी येतो बे?"

म्हणलं, "तिकीट काढून बघा की."

*

आप्पाचं निराळंच व्हतं. मशीनचा आवाज एवढा की कॅबिनमधी तेला बोललेलं एक अक्षर ऐकू यायचं न्हाई. फकस्त म्युझिक यायचं. सारंगी लागली की नवीन रीळ काढून ठेवायचं, ढोल लागला की मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी बघायची, असं तेचं गणित. पडद्याकडं बघाया सवड न्हाई. म्हंजे पिक्चर शंभरदा लावला अन् एकदा बी बघितला न्हाई, असला माणूस.

गोष्ट काय हाय ते मला इचारायचा. मी सांगायचो. लई दिवस तेला हिरोईन ही हिरोची आत्या वाटत व्हती.

एक दिवस म्हणला, "नाना, ह्या आत्याच्या टायमाला सतार लई गोड वाजती रं."

म्हणलं, "आप्पा, आत्या हायच तशी."

*

पुढं टॉकीज बंद पडला, पण आमचा नाद न्हाई सुटला. त्या टायमाला सहकाराची हवा व्हती. दुधाची सोसायटी, सुताची सोसायटी, कोंबड्याची सोसायटी. शेषराव म्हणला, आपण बी तव्याची काढू. नोंदणी-फिंदणी काय न्हाई, पण कारभार एकदम कायद्यानं. आप्पा चेअरमन, शेषराव सचिव, चाँदभाई सभासद, अन् मी बी सभासद, पण माझ्यावर लक्ष ठेवायचं असं ठरलं.

बसायचो चाँदभाईच्या मंडपाच्या खोलीत. कायदा असा की ठरावाबिगर तवा लावायचा न्हाई. चाँदभाईनं म्हणायचं, "अमुक तवा लावावा असा ठराव मांडतो." दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. मंग सुई ठेवायची.

एकदा मी बाहेर गेलतो. परत येऊन बघतो तर तवा प्लेयरवर, आप्पा अन् शेषराव खुर्चीवर, चाँदभाई उभा, अन् सगळे गप.

"का बसलाव असे?"

चाँदभाई म्हणला, "ठराव मांडलाय. अनुमोदनाला माणूस न्हाई. चेअरमनला चालत न्हाई अन् सचिवाला बी चालत न्हाई म्हणतो हा शेषराव."

म्हणलं, "किती येळ झाला?"

"मघाचं ऊन दारात व्हतं. आता भिंतीवर गेलं."

चाँदभाईचं बोकड तिथंच मंडपाच्या दोऱ्या चघळत व्हतं. मी तेच्या दाढीला हात लावला, तेनं मान हालवली. म्हणलं, "घ्या. झालं अनुमोदन."

शेषरावानं चष्मा वर केला, बोकडाकडं बघितलं, लई इचार केला, अन् म्हणला, "सभासद हाय का ते?"

*

तवे घरी न्यायची बी पद्धत व्हती. कालव्याच्या पाण्याला जशी पाळी, तशी तव्याला पाळी. आधी आप्पाकडं, तिथून चाँदभाईकडं, मंग माझ्याकडं, शेवटी शेषरावाकडं. अन् कालव्यावर जे व्हतं तेच झालं. वरचा माणूस सोडतच न्हाई. आप्पा पाळी संपली तरी तवा ठेवून घ्यायचा, चाँदभाई लग्नाच्या मंडपात वाजवायचा. माझ्याकडं प्लेयरच न्हाई, पण पाळी ती पाळी, मी तवा भिंतीला टेकवून ठेवायचो अन् माझ्या दिवसाचा हक्क सोडायचो न्हाई.

शेषराव सभेत उभा राहिला. "चेअरमनसाहेब, मी टेलला हाय, पार शेवटाला. माझ्यापतूर येईस्तोवर तव्यात काय राहतच न्हाई. नुसतं खरखर."

आप्पा म्हणला, "ती खरखर मूळचीच हाय. पिक्चरात वारं सुटलंय तिथं."

शेषराव खाली बसला. जरा येळानं परत उठला अन् म्हणला, "अख्ख्या पिक्चरात वारं हाय का आप्पा?"

*

पण खरा तवा पाहिजे व्हता घोड्याचा. तो निघतच नव्हता. त्या पिक्चरच्या गाण्याचा तवा व्हता, मागच्या म्युझिकचा न्हाई. चाँदभाई भोंग्याचं सामान आणाया औरंगाबादला जायचा अन् दरवेळी दुकानात इचारायचा. दुकानदार गाण्याचा तवा द्यायचा. चाँदभाई म्हणायचा, "इसमें तो गाने हैं."

दुकानदार म्हणायचा, "तो और क्या चाहिए?"

"गाने के बिना वाला."

दुकानदाराला वाटायचं हा गडी कोरा तवा मागतोय. एकदा तेनं खरंच बाजूला सारलेला, रेघा घासून गेलेला तवा काढून दिला. म्हणला, "हे घे. ह्याच्यात काहीच न्हाई."

चाँदभाईला राग आला. तेनं तिथंच उभं राहून तोंडानं घोडं सुरू केलं. आधी टापा, मंग ढोल, मंग सारंगी, मंग गोळी. दुकानापुढं लोकं जमली. चाँदभाई गोळी लागून काउंटरवर पडला, हात जरा हालवला, अन् थांबला.

गर्दीतला एक जण म्हणला, "आगे?"

चाँदभाई पडल्या पडल्या म्हणला, "आगे का मालूम होता तो इतनी दूर क्यों आता?"

दुकानदारानं तेला चहा पाजला अन् नाव लिहून घेतलं. म्हणला, निघाला की ठेवतो.

*

आता लगीन कसं अडकलं ते.

सिंधू अन् मधुकराची सुपारी फुटली. पोरगं चांगलं, दूध-डेअरीच्या गाडीवर ड्रायव्हर. पोरीच्या मनात व्हतं. सगळं गोडीत झालं. जेवणं झाली, पान झालं, अन् शेषराव सहज म्हणला, "चला, घोड्याच्या हिरोवानी आपला मधुकर बी घोड्यावर बसंल."

आप्पा म्हणला, "त्या मेलेल्या माणसाचं नाव आज कशाला काढता?"

"मेला? कोण मेला? तो जगला की."

"मेला. मी कॅबिनमधी व्हतो. म्युझिक असं खाली खाली उतरत गेलं. जित्त्या माणसाला असं म्युझिक देत न्हाईत."

"आप्पा, चेअरमनच मेल्यावर सोसायटी चालती का? तो हिरो हाय. मरंल कसा?"

"तुमी पडद्याकडं बघत व्हता, मी ऐकत व्हतो."

"शेवटचं रीळ तर कुणीच न्हाई बघितलं!"

"म्हणूनच म्हणतो, मेला."

मी मधी म्हणलं, "आत्याला इचारा." दोघांनी बी माझ्याकडं असं बघितलं की मी पान थुकाया बाहेर गेलो.

परत आलो तर आप्पा उभा राहिलता. म्हणत व्हता, "ज्या घरात मेलेल्याला जित्ता म्हणत्यात, त्या घरात पोर द्यायची म्हंजे उद्या मला मेल्यावर बी हे उठवतील." शेषराव म्हणला, "अन् जित्त्याला मेला म्हणणाऱ्याच्या घरातली सून माझ्या पोराला काय म्हणंल?"

सिंधू चहा घेऊन आलती. तशीच उभी. म्हणली, "आप्पा, कोण मेलंय?"



शेवटी चाँदभाईनं तोड काढली. घोड्याचा तवा निघाला की शेवटचं म्युझिक ऐकायचं. तेच्यावरून कळंल. तोवर लगीन थांबवायचं. ठराव पास झाला. पण आप्पा अन् शेषरावाचं बोलणं बंद. सभेत बसायचे, तरी एकमेकाला काय सांगायचं तर माझ्यामार्फत. "नाना, चेअरमनला सांग, सुई बदला." "नाना, सचिवाला सांग, बदलली." मी मधी माझं बी घालायचो. एकदा आप्पाला सांगितलं, "शेषराव म्हणतोय, टोपी झकास हाय." आप्पानं त्या दिवसापासून ती टोपी घालायची सोडली.

*

अन् तवा निघाला. चाँदभाईचा निरोप आला की घेऊन येतोय.

पुन्हा दुष्काळच व्हता. गावाला टँकर यायचा. त्या दिवशी गाडी चुकली म्हणून चाँदभाई माजलगावातून टँकरच्याच केबिनमधी बसला, तवा मांडीवर घेऊन. इकडं आमी हार, गुलाल, हलगी घेऊन वेशीत उभे. आमच्या पलीकडं बायका घागरी घेऊन उभ्या.

टँकर आला अन् हलगी सुरू झाली. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला, तेला वाटलं सत्कार तेचाच. तेनं मान पुढं केली. आप्पानं हार चाँदभाईसाठी आणलता, पण मान पुढं आलीच तर घालणार कसा न्हाई? घातला. शेषरावानं नारळ फोडला. ड्रायव्हरच्या डोळ्याला पाणी आलं.

म्हणला, "मी लई गावाला पाणी टाकलं. दगडं मारली लोकांनी मला. हार कुणी घातला न्हाई." अन् तेनं भाषणच सुरू केलं, की रस्ता कसा वाईट, डिझेल कसं मिळत न्हाई, घरची कशी वाट बघती. लोकं टाळ्या वाजवायलीत. चाँदभाई केबिनमधी तवा छातीला धरून बसलेला, तेला दार उघडंना, आतून बोंबलतोय.

घागरीच्या रांगंतून सिंधू मला म्हणली, "मामा, पाणी सोडा म्हणावं. मंग किती बी बोला."

मी ड्रायव्हरला सांगितलं, "साहेब, आता उद्घाटन." तेनं हार घालूनच कॉक उघडला.

चाँदभाई बाहेर आला त्या टायमाला हार संपलते, नारळ संपलता, हलगीवाला पाणी प्यायला गेलता. तवा कुणी बघितला न्हाई. चाँदभाई म्हणला, "मैं क्या वापस जाऊँ?"

*

ऐकायचं ठरलं दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळं गाव आलं, कारण तंबूत सगळ्यांनी तो हात हालताना बघितलता. लाइट न्हाई. म्हणून टॉकीजचा जुना जनरेटर काढला अन् रेसच्या दांडीवर मी बसलो.

आता त्या जनरेटरचा गुण असा. रेस वाढवली की प्लेयर जोरात फिरायचा, कमी केली की हळू. जोरात फिरला की म्युझिक वरातीचं वाटायचं. हळू फिरला की मयताचं. हे गावात एकट्या मला ठावं व्हतं, असं मला वाटत व्हतं.

सुरू करायच्या आधी सिंधू माझ्याकडं आली. डिझेलची कॅन हातात. म्हणली, "मामा, माझं लगीन तुमच्या त्या दांडीवर हाय. तुमी कुणाच्या बाजूनं?"

म्हणलं, "पोरी, मी डिझेलच्या बाजूनं."

ती हासली न्हाई. म्हणली, "कॅन मी सांभाळते," अन् निघून गेली.

शेषरावानं ठराव मांडला, चाँदभाईनं अनुमोदन दिलं, बोकडाची मान मी हालवली, असू द्या जास्तीचं. सुई शेवटच्या रेघांवर ठेवली. भोंग्यातून नदी, वाळू, घोडं. मी दांडी जरा खाली घेतली. म्युझिक उतरलं. आप्पानं डोळे मिटले अन् मान हालवली. मी म्हणलं शेषरावानं काय पाप केलं, अन् दांडी वर घेतली. शेषराव खुर्चीवरून उठला, "बघा, उठला, उठला!" परत खाली. "गेला बिचारा," आप्पा म्हणला. परत वर.

हिरो कितीदा मेला अन् कितीदा उठला ह्येचा हिशोब राहिला न्हाई. बाया रडत व्हत्या, मधीच हासत व्हत्या. एक म्हातारी म्हणली, "अगं, एकदाचं ठरवा, मला घरी भाकरी टाकायच्यात."

चाँदभाई माझ्याकडं बघून वरडला, "ए नाना, मर जाने दे या जीने दे, कुछ तो कर बे!"

अन् तेवढ्यात जनरेटर फट फट करून बंद पडला. भोंगा गप. डिझेल संपलं. मी सिंधूकडं बघितलं. भरलेली कॅन तिच्या पायाशी, कॅनच्या तोंडाला फडकं तसंच बांधलेलं. ती काय हालली न्हाई.

मंग ती प्लेयरपशी गेली, तव्यावर बोट ठेवलं, अन् हातानंच फिरवाया लागली.

भोंग्याबिगर बी सुईचा आवाज येतो, पण चिलटावानी बारीक. लांबून काय कळत न्हाई. आप्पा खाली वाकला. शेषराव बी वाकला. तवा एवढा एवढा, जागा किती असणार? आप्पाची नवी टोपी शेषरावाच्या पटक्याला लागली. दोघांचे कान जवळजवळ, गाल जवळजवळ. सिंधू सावकाश बोट फिरवतीय.

लई येळानं आप्पा म्हणला, "हे कायतरी निराळंच हाय."

शेषराव म्हणला, "मला बी काय समजंना."

आप्पानं मान वळवून थेट तेच्याकडं बघितलं. मला मधी न घालता. "तुमाला बी समजंना?"

"न्हाई बा. तुमाला?"

"मला बी न्हाई."

दोघं तसेच वाकलेले. मंग शेषरावानं कंबर सरळ केली, चष्मा पुसला, अन् गावाकडं तोंड करून म्हणला, "शेवटाला काय झालं ते सभेला कळलं न्हाई. ठराव एकमतानं मंजूर."

आप्पा म्हणला, "अन् लगीन?"

"ते बी ह्याच ठरावात."

पुढच्या तिथीला लगीन लागलं. बँडवाल्यानं घोड्याचंच म्युझिक वाजवलं, तेला जसं जमलं तसं. मधुकर घोड्यावर बसला, पडला न्हाई. सिंधू सासरी निघाली, म्हंजे दोन गल्ल्या पलीकडं, तरी रडली. माझ्या पाया पडाया आली तर मी हळूच म्हणलं, "पोरी, खरं सांग. तू फिरवत व्हतीस, तुझं बोट सगळ्यात जवळ. काय झालं व्हतं तेचं?"

तिनं पदरानं डोळे पुसले, इकडं तिकडं बघितलं, अन् माझ्या कानात म्हणली, "मामा, मी तवा उलटा फिरवत व्हते."